गॅरेजातली दारू

दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीनंतर खरी बंदूक हातात आली ती कराडला, कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला. पॉइंट टू-टूची रायफल, सतरंजीवर पालथं पडून पाच गोळ्या. चार कुठं गेल्या ते उस्तादांनाही कळलं नाही. पाचवी लागली. तेवढ्यावर पुढची पंचवीस वर्षं काढली.

त्यातली बारा अमेरिकेत, एच-वन-बीवर. टेक्सासमध्ये राहतो म्हटलं की भारतातल्या मित्रांना वाटतं घराघरात बंदूक असणार. घराघरात असेलही, पण तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाने अपवादाच्या भरवशावर कशाला जगावं? ऑफिसातले लोक शनिवारी रेंजवर जायचे, भाड्याचं पिस्तूल घेऊन देतो म्हणायचे, आणि मी नको म्हणायचो. 2021 मध्ये ग्रीन कार्ड आलं. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात जाऊन बंदूक खरेदीचा फॉर्म 4473 भरला. बायको म्हणाली, "लोक ग्रीन कार्ड आल्यावर आधी आईवडिलांना भेटून येतात रे." भेटून आलो, पण पिस्तूल घेतल्यावर.

मला नुसतं उभं राहून कागदाला भोकं पाडायची नव्हती. व्हिडिओत पाहिलेलं ते हवं होतं: लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती, त्यांच्यामागे पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि त्यातून पळत पळत गोळ्या झाडणारा माणूस. याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. आयपीएससी ही त्याची जागतिक संघटना 1976 साली मिझुरीतल्या कोलंबिया गावी जमलेल्या नेमबाजांनी काढली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. तिचं लॅटिन ब्रीद तीन शब्दांचं: अचूकता, ताकद, वेग. अमेरिकेतली शाखा म्हणजे यूएसपीएसए, 1984 पासूनची. या तीनपैकी मधला शब्द, ताकद, पुढे मला गॅरेजात काडतुसं भरायला घेऊन गेला.

गणित असं. पुठ्ठ्यावर तीन पट्टे: ए, सी आणि डी. ए लागला की 5 गुण. नरम काडतूस असेल तर सीला 3 आणि डीला 1. दणकट काडतुसाला तेच 4 आणि 2. लक्ष्य चुकलं की वजा 10, आणि मध्ये उभ्या केलेल्या 'नो-शूट'ला, म्हणजे मारायचंच नाही अशा लक्ष्याला, लागली की तेही वजा 10. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. जो आकडा येतो तो हिट फॅक्टर. वीस सेकंदांत 140 गुण म्हणजे 7. पंचवीस सेकंद घेऊन 150 केले तर फक्त 6. शाळेत सावकाश आणि नीटनेटकं करणाऱ्या मुलाला शाबासकी मिळते, इथे तो मागे पडतो. पण नुसत्या घाईचाही उपयोग नाही. दोन वजा दहा बसले की पळून कमावलेलं सगळं जातं.

सामानाचं थोडक्यात सांगतो, कारण नवीन माणूस यातच सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालवतो, मीही घालवला. मला चाळिशी लागलेली. हात लांब केला की पिस्तुलाची नेम धरायची पुढची माशी धूसर दिसायची. म्हणून नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच चालणारा 'कॅरी ऑप्टिक्स' गट निवडला. पिस्तूल ग्लॉक 34. या गटात सगळ्यांच्या गोळ्या नरमच धरतात. गोळ्यांचं मॅगझिन 141.25 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. त्यासाठी मोजायची पट्टीच असते. पट्टे दोन: आतला पँटच्या हुकांतून, त्यावर वेल्क्रोने चिकटणारा बाहेरचा जाड पट्टा, त्याला पिस्तुलाचं होल्स्टर आणि मॅगझिनचे चार खिसे. पहिल्या महिन्यात मी होल्स्टरच तीन बदलले. कशाने काही फरक पडला नाही. फरक पडला तो रात्री झोपण्याआधी रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर पंधरा मिनिटं चाप ओढल्याने.

पहिली मॅच. सकाळी आठला डोंगरासारखे मातीचे बांध, त्यांच्यामध्ये एकेक स्टेज, म्हणजे लक्ष्यांची एकेक मांडणी. इथे सगळ्यांची पिस्तुलं रिकामी. भरायचं ते आपली पाळी आल्यावर, अधिकारी समोर उभा असताना. पिस्तूल काढून बघायचं असेल तर 'सेफ्टी एरिया' नावाच्या टेबलापाशी जायचं आणि तिथे गोळीला हातही लावायचा नाही, नकली गोळीलासुद्धा. नळी आडव्या रेषेच्या मागे वळली, पिस्तूल हातातून पडलं, किंवा भलत्या वेळी बार उडाला की त्या दिवसापुरतं घरी. वाद नाही, दुसरी संधी नाही. मला हे फार आवडलं.

पाळी येण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना स्टेजमधून फिरू देतात. पन्नाशीतली, पोट सुटलेली माणसं दोन्ही हातांची पिस्तुलं करून, एक डोळा बारीक करून, तोंडाने काहीतरी मोजत फिरताना पाहिली की गल्लीतल्या चोर-पोलिसाची आठवण होते. मीही तसाच फिरलो. मग "मेक रेडी". मग "आर यू रेडी?" मग "स्टँडबाय" आणि कानाशी भोंगा. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. पाठ केलेला सगळा बेत भोंग्याबरोबर गेला. एक लक्ष्य चक्क विसरून पुढे गेलो. 47 जणांत 41वा आलो. संध्याकाळपर्यंत चेहरा उन्हाने भाजून निघाला होता आणि पुढच्या मॅचचं नाव नोंदवून झालं होतं.

एका मॅचला सव्वाशे ते दीडशे गोळ्या लागतात. सरावाला त्याहून जास्त. आणि 2021 म्हणजे कोविडचं वर्ष, दुकानांतली काडतुसांची फळी रिकामी. स्क्वाडमधले एक निवृत्त मेकॅनिक मॅच संपली की प्लॅस्टिकची बादली घेऊन वाकायचे आणि शेंगा वेचाव्यात तशा काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचायचे. मी विचारलं तर म्हणाले, "काडतुसात सगळ्यात महाग भाग हा आहे आणि लोक तो जमिनीवर टाकून घरी जातात." इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची झाली तर लागतो. दुसऱ्या शनिवारपासून मीही वाकायला लागलो.

आता पैसे वाचतात का? बायकोला मी वहीत हिशेब मांडून दाखवला होता: विकतचं 28 सेंटला, घरचं 17 सेंटला. तो हिशेब खरा होता. एवढंच की पूर्वी महिन्याला चारशे झाडायचो, आता हजार झाडतो. वही हल्ली सापडत नाही.

पुंगळ्या आधी धुवायच्या. सुरुवातीला मी मक्याच्या कणसाच्या भुशात थरथरणाऱ्या भांड्यात सुक्याच साफ करायचो. चाळताना काळी धूळ उडायची, मी खोकायचो आणि त्याच हाताने चिवडा खायचो. वर्षभराने सहज रक्तातलं शिसं तपासलं तर 7 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "बॅटरीच्या कारखान्यात आहात का?" मी सॉफ्टवेअरमध्ये. ते शिसं काडतूस पेटवणाऱ्या प्रायमरच्या राखेतून आणि धुळीतून येतं. त्या दिवसापासून ओली धुलाई: फिरत्या पिंपात स्टीलच्या बारीक सुया, पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्व. आई इकडे आली होती तेव्हा गॅरेजात डोकावून म्हणाली, "पितांबरी आणली असती की रे कराडहून." गोळ्या प्लॅस्टिकच्या लेपाच्या घेतल्या, आणि रेंजवरून आलं की आधी गार पाण्याने हात. गरम पाण्याने नाही. सहा महिन्यांनी आकडा 4 वर आला.

प्रत्यक्ष भरायचं यंत्र डिलन 550. चार ठाणी आणि त्यांच्याखाली फिरणारी तबकडी, जी अंगठ्याने आपणच पुढे सरकवायची. पहिल्या ठाण्यावर फुगलेली पुंगळी पुन्हा मापात येते, जुनं प्रायमर खाली पडतं आणि दांडा पुढे ढकलला की नवं बसतं. प्रायमर म्हणजे आपली टिकलीच, फक्त पितळेच्या वाटीतली. दुसऱ्यावर तोंड किंचित रुंदावतं आणि मापाने दारू पडते. तिसऱ्यावर गोळी हाताने ठेवायची, ती दाबून बसते. चौथ्यावर तोंड आवळलं जातं. दांडा ओढा, ढकला, तबकडी फिरवा, गोळी ठेवा, पुंगळी ठेवा. लय लागली की तासाला चारशे सहज. लय लागते हेच या कामातलं सुख आणि, पुढे कळेल तसं, तोच यातला धोका.

शिकताना अडचणी आल्याच. माझी काडतुसं 9 एमएमची, त्या ढिगात 380 नावाच्या दुसऱ्या काडतुसाची पुंगळी लपलेली असते. दोन मिलिमीटर आखूड, डोळ्याला सारखीच. ती पहिल्या ठाण्यावर आली की दांडा हलका जातो. दांड्यातला तो हलकेपणा हाताला ओळखता यायला मला तीन महिने लागले. लष्करी पुंगळ्यांचं प्रायमरचं घर दाबून आवळलेलं असतं, त्यात नवं शिरतच नाही, चेपून निघतं. शेवटी शंभर भोकांच्या ठोकळ्यात प्रत्येक काडतूस टाकून बघायचं. जे टप्पकन आत जाऊन वर येत नाही ते बाजूला. माझ्या शंभरात दोन-तीन बाजूला पडतातच.

आणि दारूचं माप. ते मी इथे सांगणार नाही, मला कुणी विचारलं तरी सांगत नाही. प्रत्येकाची नळी वेगळी, गोळी वेगळी. छापील पुस्तकातला सगळ्यात खालचा आकडा घ्यायचा आणि तिथून वेगमापकावर बघत चढायचं. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपलं की उरलेली त्याच डब्यात परत. एका पौंडात 7000 ग्रेन आणि एका काडतुसाला लागतात बोटावर मोजण्याइतके. म्हणजे एक डबा दीड हजारांवर काडतुसं पुरतो. पण चूक करायला तेवढेच चार दाणे पुरतात.

काडतुसाची ताकद मोजतात ती पॉवर फॅक्टरने: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग सेकंदाला फुटांत, भागिले हजार. आमच्या गटाला किमान 125. त्याखाली गेलात तर मॅच खेळा, गुण शून्य. मी उन्हाळ्यात, पारा चाळिशीवर असताना, 147 ग्रेनच्या गोळीला 865 फूट मिळवले. म्हणजे 127. हलका धक्का, ठिपका जागचा हलत नाही, स्वतःवर खूश. जानेवारीत थंडीत तीच काडतुसं वेगमापकावरून झाडली तर 846. गुणाकार केला: 124.3. काही दारू थंडीत आळसावतात. मग माप थोडं चढवून 900च्या आसपास आणलं. सुदैवाने हे सरावात कळलं.

पण 2023च्या ऑक्टोबरात जे झालं ते मॅचमध्ये झालं. तिसरी स्टेज, चौदा लक्ष्यं, प्रत्येकी दोन गोळ्या. पाच लक्ष्यं झाली, दहा गोळ्या, मला वाटतं आयुष्यातली सगळ्यात चांगली सुरुवात. अकरावीला "ठो"च्या जागी "पुक" असा आवाज आला. पिस्तूल हातात हललंच नाही. रोज रात्रीच्या सरावाने हाताला जे शिकवलं होतं ते हाताने केलं: मॅगझिनला बुडातून थाप, स्लाइड मागे खेचली, नवी गोळी आत, डोळा परत ठिपक्यावर. बोट चापावर टेकत होतं आणि मागून अधिकारी ओरडले, "स्टॉप! स्टॉप!" खांद्यावर हात पडला. मी थांबलो. थांबलो का ते मलाच माहीत नाही.

पिस्तूल रिकामं करून नळी सुटी केली. उजेडाकडे धरली तर उजेड नाही. लेपाची निळी गोळी नळीत अडकून बसली होती. त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टिकलीने गोळीला अर्ध्या वाटेपर्यंत ढकललं होतं. मागून पुढची गोळी आली असती तर नळी फुटली असती, आणि नळीच्या मागे माझे दोन्ही हात होते.

नियम असा आहे की अधिकाऱ्याने संशयाने थांबवलं आणि संशय खोटा निघाला तर स्टेज पुन्हा खेळू देतात. खरा निघाला तर जे झालं ते झालं. उरलेल्या नऊ लक्ष्यांच्या अठरा चुका, वर ती लक्ष्यं सोडल्याचा दंड. गुण शून्याखाली जात नाहीत म्हणून शून्य. अधिकारी नाव लिहिताना एवढंच म्हणाले, "बोटं दहा आहेत ना? मग आजचा दिवस चांगला गेला."

घरी येऊन त्या खेपेची उरलेली काडतुसं वजन करून बघायला लागलो. उपयोग शून्य. वेचून आणलेल्या पुंगळ्या दहा कंपन्यांच्या. रिकाम्या पुंगळीतच चार-पाच ग्रेनचा फरक, त्यात एवढीशी दारू आहे की नाही हे तराजू कसं सांगणार? शेवटी हातोडीसारखं एक यंत्र असतं, त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटलं की झटक्याने गोळी सुटते. 260 काडतुसं आपटली. रात्री साडेअकराला शेजारी बघून गेला. सगळ्यांत दारू व्यवस्थित. चूक एकच होती, आणि ती नेमकी माझ्या नळीत गेली होती.

मग बसून आठवत गेलो. ती खेप रविवारी सकाळी भरली होती. साडेनऊला आईचा फोन आला होता, कराडला तेव्हा रात्रीचे आठ. "जेवलास का?" इथे नाश्ताही झाला नव्हता. पाच मिनिटं बोललो आणि परत मेजाशी आलो. फोन आला तेव्हा मी तबकडी फिरवून ठेवली होती. परत आल्यावर अंगठ्याने ती पुन्हा फिरवली. यंत्राचा काही दोष नाही, ते मी फिरवीन तेवढंच फिरतं. दारूच्या ठाण्यावर आलेली पुंगळी दांडा न ओढताच पुढे सरकली, गोळीच्या ठाण्यावर आली, आणि माझ्या हाताने आत न बघता तिच्यावर गोळी ठेवली.

मला जास्त लागलं ते पुढचंच. तबकडी दोनदा फिरली म्हणजे दारू पडलेली दुसरी एक पुंगळी गोळी न बसताच बाहेर पडली असणार. आणि ती पडली होती! त्या रविवारी डब्यात मला एक उघडी पुंगळी दिसली होती, भोवती काळे दाणे सांडलेले. मी "कशी काय पडली" म्हणून तिला बाजूला टाकलं, दाणे ब्रशने झाडले आणि लय मोडायला नको म्हणून पुढे गेलो. ती एकटी उघडी पुंगळी मला सांगत होती की तिची जोडीदार डब्यात कुठेतरी रिकामी आहे.

अडकलेली गोळी मी मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी नळी लाकडी ठोकळ्यात धरली, पितळी सळई घातली, लाकडी हातोडीने सात-आठ ठोके. गोळी निघाली. नळी त्यांनी पाच मिनिटं फिरवून फिरवून पाहिली, फुगवटा नव्हता. चहा घेताना त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली, ती त्यांचीच राहू दे.

आता तिसऱ्या ठाण्यावर दिवा लावलाय, असा की पुंगळीचा तळ दिसलाच पाहिजे. गोळी ठेवण्याआधी आत बघतो आणि मोठ्याने "आहे" म्हणतो. एकटाच गॅरेजात "आहे, आहे, आहे" करत असतो. वेग तासाला अडीचशेवर आला. दारूही बदलून जास्त फुगीर घेतली. ती चुकून दोनदा पडली तर काठावरून सांडते आणि डोळ्याला दिसते. मध्ये काहीही झालं, दार वाजलं, पाऊस आला, तरी चारही ठाण्यांवरचं काढून बाजूला आणि नव्याने सुरुवात. फोन स्वयंपाकघरात. आईचा फोन बायको घेते. "कुठाय गं तो?" "गॅरेजात. दारू भरतोय." पहिल्यांदा हे ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प होती म्हणे.

2024च्या ऑगस्टमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा बाबांचा फोन आला. त्याची कांबळवाडी आमच्याकडून फार लांब नाही. बाबांच्या आवाजात घरचं कुणी जिंकल्याचा आनंद. म्हणाले, "तुझंही तसलंच ना काहीतरी?" मी सांगितलं, तो गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही पोझिशनमध्ये श्वास धरून, हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत चाप ओढतो, आम्ही पळतो, धापा टाकतो आणि ठोक्यांच्या फटी शोधायला वेळ नसतो. शिवाय 9 एमएम भारतात साध्या परवान्यावर मिळतही नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. बाबा म्हणाले, "मग त्याला खेळ कशाला म्हणता?" याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

यंदाच्या वसंतात पहिल्यांदा मोठ्या मॅचला गेलो, चार तास गाडी चालवून. मोठ्या मॅचमध्ये पुंगळ्या वेचू देत नाहीत, त्यामुळे जीव तुटत होता. सकाळी एका माणसाने माझ्या बॅगेतून आठ काडतुसं काढून पाकिटात घातली, पाकिटावर माझा नंबर लिहिला. दुपारी क्रोनोच्या, म्हणजे वेगमापकाच्या, टेबलापाशी बोलावलं. त्यांनी एक काडतूस आपटून गोळी काढली, तराजूवर ठेवली: 147. मग माझंच पिस्तूल, तीन बार. 894 सरासरी, पॉवर फॅक्टर 131.4. तिघांमधला फरक फक्त नऊ फूट. टेबलामागच्या बाईंनी भुवया उंचावल्या आणि विचारलं, "घरचं?" मी हो म्हणालो. थर्मासमधला चहा काढून सावलीत जाऊन बसलो आणि पूर्ण पाच मिनिटं स्वतःवर खूश राहिलो.

पुढच्याच स्टेजला नो-शूटला दोन मारल्या.